लेबलावरचे ‘वगैरे’



‘आपल्या भागाच्या इतिहासावर काहीतरी लिही’ असा स्मरणिकेच्या मंडळाचा निरोप आला, तेव्हा आधी नेहमीचेच विषय डोळ्यांपुढे आले. साकशीचा किल्ला, आंग्र्यांचे आरमार, चिरनेरचा जंगल सत्याग्रह, जोहे-हमरापूरच्या गणपती कारखान्यांची वाढ. यांवर माझ्यापेक्षा अधिकाराने लिहिणारे आपल्याच बाकांवर बसून गेले आहेत. म्हणून मी जरा आडवाटेचा विषय घेतला. आपल्या कोकणातल्या झाडाझुडपांना शास्त्रीय नावे कोणी दिली, ती माणसे पोटासाठी काय करत होती आणि एवढी यातायात करून त्यांना मिळवायचे काय होते, ही ती गोष्ट आहे.

शाळेत आपल्याकडून वनस्पतींची वही करून घेत, ती आठवत असेल. पाने-फुले जुन्या वर्तमानपत्रात दाबायची, वर पाटा ठेवायचा, वाळली की जाड कागदावर चिकटवायची आणि खाली कोपऱ्यात लिहायचे : नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव. निम्म्या वर्गाची पाने डोंगराकडून येणारा एखादाच मित्र आणायचा आणि खाली नाव मात्र ज्याची वही त्याचे. सर्वांना हे ठाऊक होते, सरांनाही असावे.

लंडनजवळच्या क्यू येथील राजोद्यानात अशाच वाळवलेल्या वनस्पतींचा प्रचंड संग्रह आहे. आपल्या किनारपट्टीवरून गेलेल्या तिथल्या बऱ्याच कागदांवर एक छापील लेबल आढळते. त्याचा मराठीत अर्थ असा : ‘मलबार, कोकण, वगैरे. संग्राहक : स्टॉक्स, लॉ, वगैरे.’ ठिकाणातही वगैरे आणि माणसांतही वगैरे. गोकर्णाची वनस्पती की कर्नाळ्याची, हे त्यावरून कळायचा मार्ग नाही. ज्याने ती चिखलात उभे राहून उपटली त्याचा तर प्रश्नच नाही. हे लेबल असे का झाले, ते पुढे येईलच.

आधी काळ समजून घेऊ. १८१८ साली पेशवाई संपली आणि आपला पेणचा मुलूख, तेव्हाचा साकशी तालुका, कंपनी सरकारकडे गेला. १८४० साली आंग्र्यांचे कुलाबा संस्थानही खालसा झाले. मुंबई इलाख्यात जे इंग्रज आणि स्कॉटिश तरुण नोकरीला येत, त्यांत कोणी डॉक्टर असे, कोणी मुलकी अधिकारी, कोणी जकात खात्यात, कोणी टपालात. वनस्पतिशास्त्राचा म्हणून पगार जवळजवळ कोणालाच नव्हता. तो फावल्या वेळचा उद्योग. पण उद्योग म्हणजे करमणूक असे समजू नका. विलायतेतल्या विद्वानांच्या वर्तुळात नाव होणे, सरकारदरबारी ‘हा माणूस कामाचा आहे’ अशी शिफारस होणे आणि त्यातून एखादी बरी जागा मिळणे, ही सगळी आशा त्या वाळक्या पानांवर लावलेली असे.

यात एक मोठी अडचण होती. हाती आलेले झाड नवे आहे की आधीच कोणी वर्णिलेले आहे, हे इथे बसून ठरवता येत नसे. ताडून पाहायला जुने नमुने आणि पुस्तके लागत, आणि ती होती लंडन, एडिंबरो, पॅरिस, व्हिएन्नाला. म्हणजे इथल्या माणसाने पत्र लिहायचे, पेटी भरून नमुने पाठवायचे आणि उत्तराची वाट पाहायची. गलबत आफ्रिकेला वळसा घालून जाई तेव्हा एका फेरीला चार-पाच महिने लागत. सुएझमार्गे आगबोटी सुरू झाल्यावर हे अंतर दीड-दोन महिन्यांवर आले. पेटीत बुरशी लागली, वाळवी शिरली, तर एका पावसाळ्याचे काम गेले. आणि ज्याचे वर्णन आधी छापले जाईल त्याचे नाव त्या वनस्पतीच्या मागे कायमचे लागणार, हा नियम. म्हणून घाई, म्हणून मैत्री आणि म्हणूनच रुसवेफुगवेही.

आपल्या बाजूचे पहिले मोठे नाव जॉन ग्रॅहॅमचे. जन्म १८०५, स्कॉटलंडच्या वेस्टरकर्क गावचा. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम हा त्याच वेस्टरकर्कचा. गाववाल्याने गाववाल्याला हात द्यावा, ही रीत काही फक्त आपल्याकडचीच नाही. ग्रॅहॅम मुंबईत टपाल खात्याचा डेप्युटी पोस्टमास्टर जनरल झाला. वनस्पतिशास्त्र ज्या काळी सगळे पत्रांवर चालत होते, त्या काळी टपालाचा अधिकारीच वनस्पतिशास्त्रज्ञ असावा, यात मला फार गंमत वाटते. इलाखाभरच्या डॉक्टर-कलेक्टरांकडून त्याने नमुने आणि माहिती मागवली आणि ‘मुंबई व आसपास उगवणाऱ्या वनस्पतींची यादी’ तयार केली. पुस्तक छापखान्यात असतानाच, २८ मे १८३९ रोजी, खंडाळ्यात त्याचा मृत्यू झाला. वय अवघे ३४. राहिलेला भाग त्याचा मित्र जोसेफ निमो याने पुरा केला आणि त्याच वर्षी पुस्तक बाहेर आले. पावसाच्या सुरुवातीला सह्याद्रीच्या उतारांवर नागाच्या फणीसारखा पांढरा सापकांदा उगवतो. त्याच्या शास्त्रीय नावात मरे नावाच्या डॉक्टरचे नाव आहे, ते ग्रॅहॅमने याच यादीत दिलेले. स्वतःचे पुस्तक बांधून झालेले त्याला पाहायला मिळाले नाही.

दुसरा डॉ. अलेक्झांडर गिब्सन, हाही स्कॉटिश, जन्म १८००. १८३६ पासून तो दख्खन आणि खानदेशात देवीची लस टोचण्याच्या कामावर होता. आपल्याकडे अशांना देवीडॉक्टर म्हणत. या नोकरीत गावोगाव हिंडावे लागे. त्याला मराठी, गुजराती आणि हिंदुस्तानी येत असे. १८३८ साली त्याला दापुरीच्या, म्हणजे पुण्याजवळच्या आजच्या दापोडीच्या, सरकारी बागेचा प्रमुख नेमले. जुन्नरजवळ हिवऱ्यालाही त्याची बाग होती. सरकारी दवाखान्यांना लागणाऱ्या औषधी वनस्पती इथे लावायच्या आणि विलायती औषधांचा खर्च वाचवायचा, हे त्याचे काम. १८४७ साली तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. मद्रास इलाख्यात असे पद यायला आणखी नऊ वर्षे गेली. म्हणजे इलाख्यातले जंगल कोणी, किती, कुठे तोडायचे, हे ठरवायला सरकारने जो माणूस निवडला, तो आधी बागवान आणि त्याही आधी देवीडॉक्टर होता. झाडे ओळखता येणे ही तेव्हा एवढी मोठी पात्रता होती.

दापुरीच्या बागेतली आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८४७ ते १८५० या काळात गिब्सनने बागेतल्या आणि रानातल्या वनस्पतींची रंगीत चित्रे काढून घेतली. पावणेदोनशेच्या आसपास असलेली ही चित्रे आज एडिंबरोच्या राजोद्यानात जपून ठेवलेली आहेत. त्यांवर हेन्री नोल्टी या अभ्यासकाने २००२ साली मोठे पुस्तकही काढले. चित्रकार पोर्तुगीज वळणाचा हिंदी माणूस होता, एवढीच त्याची ओळख उरली आहे. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. पानाची एकेक शीर त्याने काढली, आणि संग्रह मात्र बागेच्या नावाने ओळखला जातो.

जोहे-हमरापूरच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. आपल्या कारखान्यात कोणी साचा भरतो, कोणी माती मळतो, कोणी आखणी करतो. डोळे रेखणारा कारागीर वेगळाच असतो आणि त्याला श्रावणात जेवायलाही सवड नसते. दादरला मांडवात मूर्ती पोहोचली की ती ‘पेणची मूर्ती’ होते. जोहे गावाचे नावही मागे राहते, मग डोळे रेखणाऱ्याचे कुठले?

आता या लेखाचा मुख्य माणूस. निकोल अलेक्झांडर डाल्झेल. जन्म १८१७, एडिंबरो. तिथल्याच विद्यापीठातून त्याने १८३७ साली एम. ए. केले आणि १८४१ साली, चोविसाव्या वर्षी, तो मुंबईला जकात खात्यात आला. मीठ आणि अफूचा कारभारही याच खात्याकडे असे. पेणच्या खारेपाटातल्या आपल्या मंडळींना मिठागर आणि त्यावरचा सरकारी पहारा म्हणजे काय, हे आजा-पणजाच्या गोष्टींतून ठाऊक आहे. त्या पहाऱ्याच्या वरच्या खुर्चीत बसणाऱ्यांपैकी हा एक. बंदरे, खाड्या, नाकी यांच्यावर देखरेख करायची, आणि बंदराच्या मागे डोंगर असला की सवड काढून तिकडे जायचे.

डॉक्टरला निदान औषधांच्या निमित्ताने वनस्पतिशास्त्र शिकवलेले असे. जकातीच्या माणसाला या वर्तुळात शिरायला कोणतेच निमित्त नव्हते. डाल्झेलने मग एकच मार्ग धरला : वर्णने लिहून पाठवत राहायचे. क्यूचा संचालक सर विल्यम हुकर एक नियतकालिक चालवत असे. त्यात १८५० पासून ‘पश्चिम हिंदुस्थानच्या वनस्पतिशास्त्रात भर’ अशा शीर्षकाखाली डाल्झेलची लेखमाला येऊ लागली. एकामागून एक नव्या वनस्पती. त्यातल्या कित्येकांना त्याने नाव दिले ‘कोंकानेन्सिस’ किंवा ‘कोंकानेन्से’, म्हणजे कोकणातली. लॅटिनमध्ये आपल्या मुलखाचे नाव रुजवले ते बरेचसे या जकातवाल्याने.

एक ओळखीचे उदाहरण घ्या. गौरी-गणपतीच्या दिवसांत माळावर पिवळ्या फुलांचा कवळा येतो आणि त्याची भाजी आपण खातो. कवळ्याचे कूळ स्मिथिया. त्यातल्या मोठ्या कवळ्याचे शास्त्रीय नाव आहे स्मिथिया सेट्युलोसा आणि त्यामागे आजही आडनाव लागते ते डाल्झेलचे. तेरड्याच्या जातीतला एक पिवळा तेरडा घाटमाथ्यावर फुलतो, त्याचे नाव इम्पेशन्स डाल्झेली. हे नाव त्याने स्वतः दिलेले नाही. स्वतःचे नाव स्वतःच द्यायचे नाही, असा तिथला शिष्टाचार होता. ते दिले धाकटा हुकर आणि त्याचा सहकारी थॉमसन यांनी. त्याच जोडीने दुसऱ्या एका तेरड्याला स्टॉक्सचे आणि तिसऱ्याला लॉचे नाव दिले. मद्रासकडचा मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइट याने तर १८५२ साली ओढ्यातल्या खडकाला चिकटून वाढणाऱ्या एका चमत्कारिक वनस्पतीच्या अख्ख्या प्रजातीलाच ‘डाल्झेलिया’ म्हटले. अकरा वर्षांच्या आत जकातीचा कारकुनी माणूस वर्तुळात पोहोचला होता. नावांची ही देवघेव म्हणजे त्या वर्तुळाचे आहेर-माहेर. लग्नाच्या आहेराची वही जशी आपण जपून ठेवतो आणि कोणी किती दिले ते पाहतो, तसेच.

स्थानिक नावे या लोकांना ऐकू येत नव्हती असे नाही. कोथिंबिरीच्या कुळातली, पांढऱ्या छत्रीसारखी फुले धरणारी एक वनस्पती सह्याद्रीत आहे. तिचे लोकांतले नाव पिंडा. डाल्झेल आणि गिब्सन यांनी १८६१ साली मिळून ‘बाँबे फ्लोरा’ हे पुस्तक काढले, भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात छापलेले. त्यात त्यांनी हे नाव शास्त्रीय नावात घेतले. पुढे सव्वाशे वर्षांनी, १९८६ साली, अभ्यासकांनी ती प्रजातीच वेगळी काढली आणि तिला ‘पिंडा’ हेच नाव दिले. आज तिचे पूर्ण नाव पिंडा कोंकानेन्सिस, म्हणजे दोन्ही शब्द आपलेच. ‘पिंडा’ हा शब्द साहेबांना ज्याने सांगितला तो मात्र त्या नावात कुठेच नाही.

स्टॉक्सविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्याची गोष्टच थोडकी आहे. जॉन एलर्टन स्टॉक्स, जन्म १८२२, इंग्लंडच्या हल शहराजवळचा. डॉक्टर म्हणून १८४७ साली मुंबई इलाख्यात आला, सिंधमध्ये लस टोचणे आणि जंगलांची पाहणी अशी दोन्ही कामे केली, बलुचिस्तानातून वनस्पती आणल्या. या सगळ्यांत तोच सर्वांत हुशार असावा, असे मला वाटते. १८५३ साली तो आपला संग्रह घेऊन क्यूला गेला, आता बसून मोठा ग्रंथ लिहायचा म्हणून. पुढच्याच वर्षी ३० ऑगस्टला, बत्तिसाव्या वर्षी, तो वारला. त्याच्या पेट्यांत त्याचे स्वतःचे नमुने होते, जॉन सदरलँड लॉ या मुलकी अधिकाऱ्याने दिलेले होते आणि इतर मित्रांचेही होते. कोणते कोणाचे आणि कुठले, हे सांगणारा माणूसच गेला. मग क्यूमध्ये सरसकट लेबल छापले गेले : स्टॉक्स, लॉ, वगैरे.

डाल्झेलकडे परत येऊ. जकातीतून तो सिंधमध्ये जंगल खात्यात गेला. १८५० ते १८५९ या काळात सिंधचा कमिशनर होता बार्टल फ्रिअर. हाच फ्रिअर १८६२ साली मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याच १८६२ साली, गिब्सन निवृत्त झाल्यामुळे मोकळ्या झालेल्या वनसंरक्षकाच्या जागेवर, डाल्झेल आला. मुंबईला पाऊल ठेवल्यापासून एकवीस वर्षांनी त्याला पाहिजे तशी नोकरी मिळाली, जिथे झाडे पाहणे हेच काम.

आणि मग तो प्रसंग. जुन्नरजवळ हिवऱ्याच्या डोंगरावर, जिथे गिब्सनची बाग होती त्याच परिसरात, एक विलक्षण वनस्पती मिळाली. उभ्या कातळाच्या भेगांत वाढते, खोड जाड आणि रसाळ, पावसाळ्यात पाने धरते आणि उन्हाळ्यात ती टाकून नुसती खोडावर जगते. फूल तांबडे, मखमली, त्यावर पिवळे ठिपके. लोक तिला शिंदळ माकुडी म्हणतात. अशी दुसरी कोणतीच नव्हती, म्हणून स्वतंत्र प्रजाती करणे भाग होते. एखाद्या वनस्पतिशास्त्रज्ञाला उभ्या आयुष्यात अशी संधी एखाद-दोनदाच मिळते. १८६४ साली लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात डाल्झेलने तिचे नाव जाहीर केले : ‘फ्रेरिया इंडिका’. आपल्या गव्हर्नरच्या नावाने.

यात लाचारी होती असे मी म्हणणार नाही. फ्रिअर विद्येला उत्तेजन देणारा माणूस होता. भाऊ दाजींच्या खटपटीतून उभ्या राहिलेल्या मुंबईच्या संग्रहालयासारख्या कामांच्या पाठीशी त्याच्या काळातले सरकार उभे होते. पण निव्वळ कृतज्ञता होती असेही म्हणवत नाही. स्वतः चढून शोधलेली, सह्याद्रीच्या कड्यावरची, जगात दुसरीकडे नसलेली वनस्पती. तिला शिवनेरीचे नाव देता आले असते, जुन्नरचे देता आले असते, गेला बाजार गिब्सनचे देता आले असते. ज्याच्या सहीने आपली जागा टिकते त्याचे दिले. नोकरी केलेल्या आपल्यातल्या प्रत्येकाला हे कळेल. साहेबाच्या नावाने पाट्या लावणारे आपणही पाहिले आहेत आणि काही जणांनी त्या लावल्याही असतील!

गंमत अशी की प्रजातीची नावे पुढे बदलतात. नंतरच्या अभ्यासकांनी फ्रेरियाला दुसऱ्या प्रजातींत घालून पाहिले. पण तसे केले तरी जुन्या नावाचा मान ठेवायचा म्हणून पुढचा शब्द ‘फ्रेरी’ असा ठेवला. माकुडी काही साहेबाच्या हातून सुटली नाही. आज ती इतकी दुर्मीळ झाली आहे की थोड्याच डोंगरांवर आढळते, शिवनेरी त्यातला एक.

डाल्झेलने १८६३ साली जंगलांचा हवा-पाण्यावर काय परिणाम होतो, यावर सरकारसाठी टिपण लिहिले. झाडे गेली की झरे आटतात, हे गिब्सनही त्याच्या आधीपासून सांगत होता. हे त्यांचे म्हणणे खरेच होते आणि आज ते कोणीही मान्य करील. मुंबईच्या गोदीला साग आणि शहराला सरपण पुरवून कोकणचे डोंगर उघडे पडत होते. पण ‘जंगल राखायचे’ या वाक्यात ‘कोणापासून’ हा प्रश्न दडलेला असतो. १८७८ चा जंगल कायदा आला आणि आपल्या शेतकऱ्याचा राब अडला. भाताचे रोप टाकायच्या जागेवर टहाळ आणि पालापाचोळा भाजायचा, ही आपली पद्धत. टहाळ तोडायला आता परवानगी लागू लागली. कातकऱ्यांची तर दळीची शेतीच डोंगरउतारावरची, आणि खैराचा कात पाडणे हा धंदाच जंगलातला. ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांत तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला १८८५ साली मुंबई जंगल कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ साली आला. तेवढ्याने दुखणे बरे झाले नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरला अक्कादेवीच्या डोंगरावर जे झाले ते आपण सगळे जाणतो. वनस्पतींची यादी करणाऱ्या दोघा सज्जनांना मी गोळीबाराचा जाब विचारत नाही. पण ज्या खात्याची पहिली खुर्ची वनस्पतिशास्त्राच्या ज्ञानावर मिळाली, त्या खात्याच्या कागदांत झाडाचे लॅटिन नाव होते आणि त्या झाडाचा टहाळ तोडणाऱ्याचे नाव फक्त गुन्ह्याच्या नोंदीत होते, एवढे तर दिसते.

डाल्झेल १८७० साली प्रकृती बिघडल्याने निवृत्त झाला आणि सात-आठ वर्षांतच एडिंबरोला वारला. पुढे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात काढला, तेव्हा ‘बाँबे फ्लोरा’ मागे पडला.

तोवर आपली माणसे या वर्तुळात शिरली होती. डॉ. सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. मुंबईच्या देशी औषधांची सूची त्यांनी केली आणि मराठीत वैद्यकावरची पुस्तकेही लिहिली. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी मिळून बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत दोघे हिंदी होते, एक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि दुसरे सखाराम अर्जुन. आज लोक त्यांना डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून ओळखतात, आणि ते ओळखणेही योग्यच आहे. मुलीला शिकवण्याची हिंमत त्यांच्या घरात होती. १८८५ साली ते गेले. त्यांच्या मागून त्याच कॉलेजात डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. हिंदी औषधी वनस्पतींवरचा त्यांचा बसूंबरोबरचा ग्रंथ १९१८ साली निघाला, त्यांच्या मृत्यूनंतर एका वर्षाने. ग्रॅहॅमचीच गत.

आणि एक रानडे होते, एन. बी. रानडे. पुण्याला वाळवलेल्या वनस्पतींचा जो संग्रह होता, त्याचे राखणदार. म्हणजे पेट्या उघडायच्या, डांबराच्या गोळ्या बदलायच्या, कागद लावायचे. आणि वेळ आली की डोंगरात जाऊन नमुने आणायचे. आंबा घाटात एक झुडूप सापडले, खाली लोंबणाऱ्या सोनेरी-केशरी घंटांसारखी फुले असलेले. पुण्याचा वुड्रो आणि क्यूचा श्टाफ यांनी १८९४ साली त्याचे वर्णन केले आणि नाव दिले ‘अब्युटिलॉन रानडेई’. गव्हर्नरचे नाही, हुकरचे नाही. ज्याने संग्रह सांभाळला त्याचे. मराठीत आपण त्याला सोनघंटा म्हणतो. आहेराच्या त्या वहीत आपल्या बाजूचे असे नाव क्वचितच आले, म्हणून मला ते फार मोलाचे वाटते.

आपल्या अंगणाकडेही याच नजरेने पाहा. खाडीकाठच्या तिवराच्या नावात इब्न सिना हा बुखाऱ्याकडचा हजार वर्षांपूर्वीचा हकीम आहे. लिनियसने त्याच्या स्मरणार्थ ते दिले. पहिल्या पावसात डोंगरातून येणाऱ्या शेवळांना शास्त्रीय नाव दिले व्हिएन्नाच्या श्कॉट साहेबाने, आणि त्याने कधी हिंदुस्थानात पाऊलही ठेवले नव्हते. शेवळांत काकडं घालावी लागतात, नाहीतर घसा खाजतो, हे त्याच्या वर्णनात कुठून येणार? ते ठाऊक आहे पेणच्या बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या कातकरीण बाईला.

म्हणून एक विनंती. मी एक वही घातली आहे. आपल्या पंचक्रोशीत झाडाला, वेलीला, गवताला, खारफुटीला जी नावे आगरी, कातकरी आणि ठाकूर माणसे वापरतात, ती त्यात लिहितो आहे. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात कशासाठी वापरतात ते, तिसऱ्यात कोणी सांगितले त्याचे नाव आणि गाव. सध्या एकशे बारा नोंदी झाल्या आहेत, त्यातल्या चौदा माझ्या आईच्या नावावर आहेत. मेळाव्याला ती वही मी बरोबर आणणार आहे आणि ती चहाच्या टेबलाशेजारी ठेवलेली असेल. तिसरा रकाना रिकामा ठेवू नका.